बाय-टू कॉफी आणि एकशेवीस कोटी

क्रिकेटचा खरा हंगाम सामने संपल्यावर सुरू होतो, हे बनशंकरीत राहायला आल्यावर कळलं. एप्रिल-मेमध्ये इथली माणसं आयपीएलचे सामने बघतात, म्हणजे जे होईल ते निमूटपणे सोसतात. नोव्हेंबर उजाडला की संघ त्यांच्या ताब्यात येतो. कुणाला ठेवायचं, कुणाला नारळ द्यायचा, पर्समध्ये किती उरले, मध्य प्रदेशातल्या कुठल्या पोराकडे बरा यॉर्कर आहे, हे सगळे निर्णय सेकंड स्टेजला, बीडीए कॉम्प्लेक्सपासून थोडं पुढे एका दर्शिनीच्या दारात उभ्या उभ्या घेतले जातात. पुढे लिलाव वगैरे होतो, तो केवळ उपचार.

दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल. छातीइतकी उंच स्टीलची गोल टेबलं, त्यांच्यावर ओल्या फडक्याचे वळसे, आणि बाय-टू कॉफी, म्हणजे एका कॉफीचे दोन अर्धे ग्लास. अर्ध्या ग्लासात बोटभर फेस असतो, त्याखाली दोन घोट कॉफी. एवढ्या भांडवलावर तासभर एकशेवीस कोटींचा व्यवहार चालतो.

मंडळी ठरलेली आहेत. बँकेतून निवृत्त झालेले एक सर आहेत. त्यांच्याकडे एक जुनी डायरी असते, तीत दहाही संघांचा ताळेबंद. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, तळाशी शिल्लक, आणि शिल्लक जुळली की तिच्याखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा. नोकरीत असताना तारणाशिवाय कुणाला दमडी न दिलेल्या या गृहस्थांनी लियाम लिव्हिंगस्टनचे पावणेनऊ कोटी एका दमात मंजूर केले होते. दुसरे आमचे घरमालक. त्यांना प्रत्येक खेळाडू महाग वाटतो. (घरभाड्याबाबत त्यांचं मत वेगळं आहे.) एक सॉफ्टवेअरमधला मुलगा आहे, तो बोलत नाही, फोनवरचा स्ट्राइक रेट समोर धरतो. एक कोडगूचे सुभेदार अंकल आहेत, सैन्यातून निवृत्त झालेले. ते क्रिकेटला खेळ मानत नाहीत, पण या दर्शिनीची कॉफी त्यांना सोडवत नाही. आणि सकाळची फेरी आटोपून येणारी मी, मूळची सांगलीची. मला सगळे ‘मॅडम’ म्हणतात आणि मुंबई इंडियन्सने काही केलं की जाब मला विचारतात. सांगली मुंबईपासून पावणेचारशे किलोमीटर लांब आहे, हे सांगून काही उपयोग झालेला नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तर मला तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. मुंबईने कॅमेरॉन ग्रीनला साडेसतरा कोटींना बंगळूरकडे धाडलं. बदल्यात खेळाडू नाही, रोख रक्कम. मुंबईला गुजरातकडून हार्दिक पंड्याला १५ कोटींना परत आणायचं होतं आणि तेवढी जागा पर्समध्ये नव्हती. ती आमच्या, म्हणजे बंगळूरच्या, पैशाने झाली. "तुमच्या लोकांनी आमच्या पैशाने आपला माणूस सोडवून नेला, मॅडम," सर म्हणाले. सरांच्या आवाजात राग कमी आणि एका बँकवाल्याला दुसऱ्या बँकवाल्याबद्दल वाटावा तसा आदर जास्त होता.

या पर्सचं गणित सरांना मनापासून आवडतं. मालक कितीही गब्बर असो, खेळाडूंवर खर्च करायला सगळ्यांना सारखीच थैली. २००८ साली विजय मल्ल्यांनी बंगळूरचा संघ ११ कोटी १६ लाख डॉलरला घेतला, पण खेळाडूंसाठी त्यांनाही इतरांसारखेच ५० लाख डॉलर. त्या वेळच्या भावाने साधारण २० कोटी रुपये. त्यातून त्यांनी द्रविड, कुंबळे, कॅलिस, चंद्रपॉल, आपला वासिम जाफर असा संघ बांधला. पाच दिवस खेळायला सांगितलं असतं तर कुणी हात धरला नसता. वीस षटकांत आठांपैकी सातवा नंबर आला. सर त्या संघाबद्दल आजही आदराने बोलतात. "पोर्टफोलिओ उत्तम होता," ते म्हणतात, "मुदत चुकली."

आता थैली मोठी झाली, पण नियमही वाढले. २०२५ च्या मोठ्या लिलावाला १२० कोटी होते. बंगळूरने कोहलीला २१, रजत पाटीदारला ११ आणि यश दयालला ५ कोटी देऊन राखलं आणि ८३ कोटी घेऊन जेद्दाला गेले. सोबत तीन आरटीएम कार्डं. हे कार्ड काय असतं ते घरमालकांच्या बायकोला मी समजावलं तेव्हा भाजीवालीच्या टोपलीशिवाय गत्यंतर नव्हतं: दुसऱ्या बाईने घासाघीस करून वांग्यांचा भाव ठरवायचा आणि आपण शेवटी पुढे होऊन म्हणायचं, तिच्याच भावाने दे, पण मला दे, माझं रोजचं गिऱ्हाईक. त्यांना पटकन कळलं. म्हणाल्या, मग आपल्या लोकांनी विल जॅक्सच्या वेळी ते कार्ड का नाही वापरलं? तो तर आपलाच होता. मुंबईने ५.२५ कोटींची बोली लावली, बंगळूरने कार्ड काढलं नाही, आणि आकाश अंबानी उठून बंगळूरच्या टेबलाशी जाऊन हात मिळवून आले. तो हस्तांदोलनाचा प्रसंग दर्शिनीत इतक्या वेळा पाहिला गेला की फोन गरम झाला. कट्ट्याचं एकमत होतं: हा सौदा अगोदर झालेला होता. काय सौदा, ते मात्र कुणाला सांगता येईना.

त्या दोन दिवसांत, २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ ला, कट्ट्याने आपल्या संघव्यवस्थापनाला शंभरपैकी शून्य गुण दिले. के. एल. राहुल घरी येणार हे इथे सहा महिने गृहीत धरलं होतं. बोली वाढल्यावर बंगळूरने हात खाली घेतला आणि तो १४ कोटींना दिल्लीला गेला. मोहम्मद सिराज सव्वाबारा कोटींना गुजरातला. व्यंकटेश अय्यरसाठी साडेतेवीस कोटींपर्यंत जाऊन शेवटी माघार, आणि कोलकात्याने त्याला २३.७५ ला उचललं. मग घेतलं कुणाला, तर जॉश हेझलवूड, फिल सॉल्ट, पस्तिशीला टेकलेला भुवनेश्वर कुमार, पावणेसहा कोटींचा कृणाल पंड्या आणि आमच्या अमरावतीचा जितेश शर्मा, ११ कोटी. "अकरा?" घरमालक जवळजवळ ओरडले. जितेशला आधी तीन सामने खेळू द्यावेत आणि मग पैसे द्यावेत, अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. देवदत्त पडिक्कल, इथला पोर, पहिल्या फेरीत कुणालाच नको होता. शेवटी मूळ किमतीला, दोन कोटींना घरी आला. सरांनी डायरीत शिल्लक काढली, पण दोन रेघा मारल्या नाहीत. मनाविरुद्धच्या हिशेबाखाली ते रेघा मारत नाहीत.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २७ मे २०२५ ला लखनौमध्ये २२८ धावांचा पाठलाग करताना जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या. ३ जूनला अहमदाबादच्या अंतिम सामन्यात कृणालने चार षटकांत १७ धावा देऊन दोघांना बाद केलं, सामनावीर ठरला, आणि पंजाबला ६ धावांनी हरवून अठराव्या वर्षी चषक बंगळूरकडे आला. कट्ट्याने शून्य दिलेला लिलाव चषक घेऊन आला. त्यावर सरांचं म्हणणं असं, की आपण कान उपटले म्हणूनच ती मंडळी नीट खेळली.

हे त्यांनी लगेच म्हटलं नाही, बऱ्याच दिवसांनी म्हटलं. कारण दुसऱ्याच दिवशी, ४ जूनला, चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारात चेंगराचेंगरी झाली आणि अकरा जणांचा जीव गेला. जल्लोष बघायला गेलेली माणसं, बरीचशी कोवळी पोरं. त्यानंतर दर्शिनीत कुणी क्रिकेटचं नाव काढेना. कॉफी यायची, संपायची, पाण्याच्या टँकरचे भाव निघायचे आणि लोक पांगायचे. शांतता मोडली ती सॉफ्टवेअरवाल्या मुलाने, पावसाळा सरताना, खाली मान घालून: "सार्, लिव्हिंगस्टनला ठेवतील का हो?" सर काही क्षण गप्प राहिले, मग डायरी काढायला त्यांनी पिशवीत हात घातला.

मला स्वतःला या सगळ्या नियोजनाची गंमत वाटते ती एका कारणासाठी. बंगळूरच्या पदरात आजवर जे सोनं पडलं, त्यातलं पुष्कळसं लिलावाच्या दारातून आलेलंच नाही. २००८ मध्ये मलेशियात एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकून आलेल्या मुलांची वाटणी लिलावाने झाली नाही, संघांनी आळीपाळीने नावं घेतली. दिल्लीने आपल्या पाळीला घेतला प्रदीप सांगवान. दिल्लीचाच विराट कोहली राहिला आणि तो बंगळूरकडे आला, १२ लाख रुपयांत. दिल्लीला हसायचं कारण नाही; त्यांच्याकडे सेहवाग, गंभीर, डिव्हिलियर्स, शिखर धवन होते, फलंदाज ठेवायला जागा नव्हती, डावखुरा वेगवान गोलंदाज हवा होता. वहीत बघितलं तर निर्णय बिनचूक होता.

२०११ च्या लिलावात ख्रिस गेलचं नाव पुकारलं गेलं आणि एकाही हाताची हालचाल झाली नाही. मग डर्क नॅनेस जायबंदी झाला म्हणून हंगामाच्या मध्येच गेलला बोलावलं. आल्या आल्या त्याने कोलकात्याविरुद्ध शतक ठोकलं. दोन वर्षांनी त्याच माणसाने चिन्नास्वामीवर नाबाद १७५ केल्या. रजत पाटीदार तर २०२२ ला चक्क विकलाच गेला नाही. इथला लवनीत सिसोदिया जखमी झाला, त्याच्या जागी २० लाखांत इंदूरहून बोलावणं गेलं. पाटीदारने मे महिन्यात ठरलेलं लग्न पुढे ढकललं, आला, आणि बाद फेरीत लखनौविरुद्ध नाबाद ११२. तीन वर्षांनी चषक उचलला तो याच कर्णधाराने.

आणि त्या २०२२ च्या लिलावात, तोही बंगळुरातच होता, लिलाव पुकारणारे ह्यू एडमीड्स मंचावर भोवळ येऊन पडले. ऐन वेळी बोलावणं गेलं चारू शर्मांना. हे चारू शर्मा २००८ मध्ये याच बंगळूर संघाचे मुख्य अधिकारी होते आणि त्या फसलेल्या हंगामाच्या मध्यावरच त्यांना घरी पाठवलं होतं. म्हणजे या गावात पुकारणारासुद्धा बदलीच आला, आणि उत्तम पुकारला.

उलट थैली सैल सोडून जे आणले त्यांची नावं काढली की घरमालक कपाळावर हात मारतात. २०१४ चा युवराज, १४ कोटी. २०२१ चा काइल जेमिसन, १५ कोटी. "एवढ्यात मी थर्ड स्टेजला साइट घेतली असती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी ही उरलेल्यांची थिअरी मांडली की सर जितेश, हेझलवूड, कृणाल असे तीन पत्ते माझ्यापुढे टाकतात आणि माझं तोंड बंद होतं. त्यावर मी माझा शेवटचा पत्ता सहसा टाकत नाही, कारण तो माझ्याच विरुद्ध जातो. १३ फेब्रुवारी २०२३ ला महिलांच्या पहिल्या लिलावात पहिलंच नाव पुकारलं गेलं स्मृती मानधनाचं. मुंबई आणि बंगळूर भिडले, ३ कोटी ४० लाखांवर बंगळूरने तिला घेतलं. त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. पुढच्याच वर्षी, १७ मार्च २०२४ ला, तिने बंगळूरला पहिला चषक दिला, पुरुषांच्या आधी सव्वा वर्ष. सांगलीच्या एका मुलीला बंगळूरने ३ कोटी ४० लाख मोजले; दुसरी, म्हणजे मी, नवऱ्याच्या बदलीबरोबर फुकट आले. दर्शिनीत हे बोलून दाखवलं तेव्हा सर गंभीरपणे म्हणाले, "तुमची मूळ किंमत काय होती, मॅडम?"

आपला कोण आणि परका कोण, हा वाद मात्र इथे थट्टेवारी नेता येत नाही. संघात कर्नाटकची पोरं किती, ही मोजणी दर वर्षी होते आणि दर वर्षी कमी भरते. या वादाचा मूळपुरुष म्हणजे २००९ ची अदलाबदल: बंगळूरने झहीर खान मुंबईला दिला आणि रॉबिन उथप्पा घेतला. श्रीरामपूर देऊन कोडगू आणलं. इथे सुभेदार अंकल कधी नव्हे ते तोंड उघडतात, कारण उथप्पाचे वडील हॉकीचे पंच. "रक्त चांगलं," ते म्हणतात, "खेळ चुकीचा निवडला." दोनच वर्षांनी उथप्पाला पुणे वॉरियर्सने २१ लाख डॉलरला नेलं. त्याच लिलावात बंगळूरने झहीरला परत विकत घेतलं. या व्यवहाराची डायरीत नोंद नाही; सर तेव्हा नोकरीत होते.

आणि मग राहुल. १० एप्रिल २०२५ ला तो दिल्लीकडून चिन्नास्वामीवर उतरला, ५३ चेंडूंत नाबाद ९३ करून बंगळूरला हरवलं, बॅटने जमिनीवर वर्तुळ काढलं आणि मधोमध बॅट रोवून उभा राहिला. हे माझं मैदान आहे. दुसऱ्या दिवशी दर्शिनीत मला सुतकी चेहरे अपेक्षित होते. होतेही. पण घरमालक हळूच म्हणाले, "नम्म हुडुगा री, आपलाच पोरगा. दुसऱ्याकडून खेळला म्हणून काय झालं?" सॉफ्टवेअरवाला मुलगा उसळला: आपण हरलो, अंकल! घरमालक म्हणाले, हरलो तर हरलो, पण हरवलं कुणी? पराभवात एवढी आपुलकी मी फक्त वाटण्या झालेल्या घरांत बघितली आहे.

माझा भाचा टोरांटोजवळ मिसिसॉगाला असतो. त्याला हे सगळं ऐकून घरच्यासारखं वाटतं. तिकडे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी, आणि त्याचा संघ मेपल लीफ्स, ज्याने १९६७ नंतर चषक बघितलेला नाही. "मावशी, तुमचं रडगाणं मला सांगू नकोस," असं तो २०२५ च्या आधी म्हणायचा. आता तर ते सांगण्याचीही सोय राहिली नाही. त्यांच्याकडे खर्चाची मर्यादा आली २००५ ला, तीही मालक आणि खेळाडूंचं भांडण होऊन अख्खा एक हंगाम बुडाल्यावर. उन्हाळ्यात त्याच्याशी बोलायला गेलं की मुलाची शाळा, घराचा हप्ता वगैरे दोन मिनिटांत उरकतो आणि मिच मार्नरवर येतो. मार्नर टोरांटोच्याच परिसरातला, मार्कममध्ये जन्मलेला, त्यांनीच २०१५ ला निवडलेला. जून २०२५ च्या अखेरीस तो लास वेगासला गेला, वर्षाला एक कोटी वीस लाख डॉलरवर. भाच्याचं दुःख पैशाचं नाही. घरच्या पोराला घरी राहावंसं वाटलं नाही, याचं आहे. मी त्याला राहुलच्या वर्तुळाची चित्रफीत पाठवली. त्याने उत्तर दिलं: हा निदान वर्तुळ काढायला तरी आला.

तिकडची नव्या पोरांची निवड कशी होते ते मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा मोठाच गदारोळ झाला. जे संघ तळाला जातात त्यांच्यात सोडत होते आणि पहिलं नाव घ्यायची संधी बहुधा त्यांच्यापैकी कुणालातरी मिळते. "म्हणजे नापासाला पहिला नंबर?" सर थरथरले. मग थोडा विचार केला. बंगळूर २०१७ ला शेवटून पहिलं होतं, त्याच साली कोलकात्यात ४९ धावांत गारद झालेलं. २०१९ ला पुन्हा तळाला. "चांगला नियम आहे," ते म्हणाले. मी भाच्याचा अनुभव सांगितला: टोरांटो २०१६ ला तळाला गेलं, पहिलं नाव घ्यायची पाळी आली, ऑस्टन मॅथ्यूज घेतला, तो खोऱ्याने गोल करतो, आणि चषक अजून १९६७ चाच. सरांनी नियम परत घेतला.

होतकरू पोरं हेरण्याच्या बाबतीत आमच्या कट्ट्याची नजर अचूक असते, फक्त उशिरा. वैभव सूर्यवंशीला तेराव्या वर्षी राजस्थानने १ कोटी १० लाखांना घेतलं तेव्हा हा बालकामगार कायद्याचा भंग आहे, असं घरमालकांचं मत होतं. २८ एप्रिल २०२५ ला त्याने गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक केलं आणि त्याच रात्री आमच्या इमारतीतल्या तीन आयांनी आपापल्या मुलांची वयं बोटांवर मोजली. एकीचा बारा वर्षांचा. "म्हणजे अजून वर्ष आहे," ती म्हणाली. तो बिचारा तबला शिकतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये एक निराळीच बातमी आली. संघाच्या मालकांनी, म्हणजे मद्याच्या कंपनीने, आपल्या या गुंतवणुकीचा फेरविचार करत असल्याचं जाहीर केलं. साध्या भाषेत, आख्खा संघच विक्रीला. सगळा हिवाळा दुसऱ्यांच्या पोरांची खरेदी-विक्री करणारा कट्टा त्या सकाळी अवाक झाला. आपल्याला कोण घेणार? किती देणार? इथे मला इतिहासाचा आधार सापडला, आणि तो मराठी असल्यामुळे मी तो जरा मोठ्याने सांगितला. बंगळूर या गावाला विक्रीला निघण्याची सवय आहे. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने केंपेगौडांकडून ते घेतलं आणि जहागीर म्हणून शहाजीराजांना दिलं. पुढे त्यांचे पुत्र एकोजीराजे तंजावरला स्थिरावले, तिथून बंगळूर सांभाळणं जड जायला लागलं, तेव्हा म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांशी सौदा ठरला, तीन लाख रुपये. बोलणी पक्की होईतो १६८७ च्या जुलैत मोगलांचा कासिमखान मध्ये घुसला, गाव ताब्यात घेतलं, आणि मग त्यानेच ते वोडेयारांना दिलं. किंमत तीच, तीन लाख.

कट्टा विचारात पडला. आज लिलावात एखाद्या कोऱ्या पोराची मूळ किंमतच तीस लाख. "म्हणजे तुमच्या राजांनी आख्खं गाव दिलं आणि त्यात एक लेगस्पिनरही येत नाही?" सॉफ्टवेअरवाला म्हणाला. सरांनी चलनवाढीचा मुद्दा काढला. घरमालकांनी एवढंच विचारलं, की त्या तीन लाखांत बनशंकरी धरली होती की नाही. धरलेली नसणार, तेव्हा इथे रान होतं. कनकपुरा रस्त्यावरचं बनशंकरी देवीचं देऊळही १९१५ चं. देवी मात्र बदामीची, माझ्या सासरची कुलस्वामिनी. तीही इथे स्थलांतर करूनच आली आहे, पण तिच्या बाबतीत स्थानिक किती आणि बाहेरचे किती असं कुणी मोजत नाही.

त्या देवळात मंगळवारी, शुक्रवारी, रविवारी राहुकाळात गर्दी असते. इतर देवळांत राहुकाळ टाळतात, इथे साधतात. लिंबू अर्धं कापायचं, रस पिळून टाकायचा, साल अंगठ्याने दाबून उलटं फिरवायचं, की पिवळं आत जातं, पांढरं बाहेर येतं आणि छोटी वाटी तयार होते. त्यात तूप, त्यात वात. १६ डिसेंबर २०२५ चा लिलाव अबुधाबीला होता, आपल्या दुपारी अडीचला, आणि वार होता मंगळवार. मंगळवारचा राहुकाळ तीन ते साडेचार. मी गेले तेव्हा रांगेत माझ्या पुढे एक मुलगी होती, कॉलेजातली असावी. डाव्या हातात फोन, उजव्या हातात लिंबू. फोनवर बोली वर चढत होती आणि ती एका अंगठ्याने लिंबू उलटं करत होती. कोलकात्याने ग्रीनवर २५ कोटी २० लाख उधळले. त्यातले ग्रीनच्या हातात १८ कोटीच पडणार, कारण परदेशी खेळाडूंना तेवढीच कमाल मर्यादा, वरचे मंडळाकडे. मी हे स्वतःशीच कुजबुजले तेव्हा रांगेत पुढे तिसऱ्या असलेल्या बाईने वळून मान डोलावली.

आणि व्यंकटेश अय्यर बंगळूरला मिळाला. सात कोटींना. वर्षापूर्वी याच माणसासाठी साडेतेवीस कोटींपर्यंत बोली लावलेली. दुसऱ्या दिवशी सरांनी डायरी उघडली, साडेसोळा कोटी ‘बचत’ या सदरात लिहिले आणि त्याखाली दोन्ही रेघा मारल्या, पट्टी न घेता. घरमालकांना सात कोटीही जास्त वाटले. सुभेदार अंकलनी विचारलं, एवढ्यात हॉकीचे किती संघ होतील?

तो हिशेब खरंच सांगण्यासारखा नाही. हॉकी इंडिया लीग सात वर्षांच्या खंडानंतर परत आली तेव्हा, ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात, पुरुषांच्या एका संघाची पूर्ण थैली चार कोटींची होती. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये दहा गोल करून भारताला कांस्य मिळवून देणारा हरमनप्रीत सिंग सर्वांत महाग, ७८ लाखांना गेला. देशाची शिबिरं इथे, म्हैसूर रोडकडच्या साई केंद्रात होतात. खेळाडू इथे घाम गाळतात, इथलं पाणी पितात, आणि त्या आठ संघांत बंगळूरचा संघ नाही. एकेकाळी होता. २००५ ते २००८ च्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये बंगळूर होतं, मराठा वॉरियर्स होते. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत आमचे खडकीचे धनराज पिल्लै कर्नाटक लायन्सकडून उतरले, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. अंकलना ते सामने अजून आठवतात. त्यांच्या मते त्यानंतर बंगळुरात खेळ असा झालाच नाही.

त्यांचा खरा हंगाम कोडगूत, उन्हाळ्यात. १९९७ मध्ये पांडंडा कुट्टप्पांनी करडा गावी कोडवा घराण्यांची हॉकी स्पर्धा सुरू केली. संघ घराण्याचा, नाव घराण्याचं, आजोबा आणि नातू एकाच संघात. २०२४ ला तीनशे साठ घराणी उतरली होती. तिथे लिलाव नाही, थैली नाही, अदलाबदल नाही. आमची डायरी, आमचे आरटीएम, सगळं ऐकून घेतल्यावर अंकल नेहमी एकच सांगायचे: "आमच्यात खेळाडू विकत घेत नाहीत. जन्माला घालतात." त्यावर बोलायची आमची छाती होत नसे.

गेल्या आठवड्यात मात्र अंकल जरा लवकर आले आणि सरांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. बराच वेळ ग्लास फिरवत होते. घराण्याचा गोलकीपर दुबईला नोकरीला गेलाय, त्याला एप्रिलमध्ये रजा मिळत नाही, धाकट्याचा गुडघा गेलाय. मग खाकरून, आजूबाजूला बघून, त्यांनी सरांना विचारलं, की नियमांचा एवढा अभ्यास आहे तुमचा, तर सांगा, जावई चालतो का? जावई उंच आहे, शाळेत गोलात उभा राहायचा. सरांनी डायरीचं कोरं पान उघडलं आणि वर ठळक अक्षरात लिहिलं: ‘बदली खेळाडू’. मग पेन उचलून विचारलं, "त्याच्या घराण्याला त्याच्या बदल्यात काय द्यायची तयारी आहे?"